वीस हजार पौंडांची बेंटली

2003 साली बेंटलीने कॉन्टिनेंटल जीटी बाजारात आणली तेव्हा ब्रिटनमध्ये तिची किंमत 1,10,000 पौंडांच्या घरात होती. आज तिथल्या जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या याच गाड्या 20,000 पौंडांच्या आगेमागे दिसतात. आजच्या दराने हे वीस-पंचवीस लाख रुपये झाले. पुण्यात एवढ्या पैशांत बऱ्यापैकी सजवलेली नवी मध्यम एसयूव्ही येते. तिकडे त्याच पैशांत सहा लिटरचे बारा सिलिंडरचे इंजिन, दोन टर्बो, 552 अश्वशक्ती, चारही चाकांना जाणारी ताकद, आत खरे लाकूड, खरे कातडे आणि ताशी 318 किलोमीटरचा कमाल वेग येतो.

एवढी गाडी एवढ्यात कशी, हा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर सरळ आहे आणि ते गाडी घेण्याआधीच समजून घ्यायला हवे. कॉन्टिनेंटलची किंमत उतरली, पण गाडी उतरली नाही. तिचा प्रत्येक पाईप, प्रत्येक ब्रेक डिस्क, प्रत्येक सेन्सर अजूनही लाख पौंडांच्या गाडीचाच आहे. गॅरेजमध्ये बिल फाडताना तिची आजची किंमत कुणी विचारत नाही.

किंमत इतकी खाली येण्यामागे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे संख्या. व्हिकर्स कंपनीने रोल्स-रॉइस आणि बेंटलीचा एकत्र कारभार 1998 मध्ये विकायला काढला. फोक्सवॅगनने 43 कोटी पौंड मोजून क्रू गावातला कारखाना आणि बेंटलीचे नाव घेतले. रोल्स-रॉइस हे नाव मात्र बीएमडब्ल्यूने 4 कोटी पौंडांत वेगळे मिळवले. तोवर क्रूच्या फाटकातून वर्षाला हजाराच्या आसपास बेंटली बाहेर पडत. फोक्सवॅगनने आपल्या फेटन या मोठ्या गाडीचा पाया घेऊन त्यावर दोन दारांची, चार आसनांची बेंटली उभी केली, तिला आधीच्या बेंटलींपेक्षा बरीच कमी किंमत लावली आणि मागणीचा पूर आला. 2007 मध्ये कंपनीने वर्षाला दहा हजार गाड्यांचा टप्पा ओलांडला. नवी गाडी घेणारे बरेच लोक तीन-चार वर्षांत पुढची नवी घेतात, म्हणून त्या हजारो गाड्या एकामागून एक जुन्या बाजारात उतरल्या. तिसऱ्या मालकाची ऐपत पहिल्या मालकापेक्षा कमी, पाचव्याची त्याहून कमी. गाडीचा खर्च मात्र त्या शिडीवरून खाली येत नाही. उलट रबर, प्लास्टिक आणि वायरिंग म्हातारे होतात तसा तो वाढतो.

या जातीच्या गाडीला ग्रँड टूरर किंवा जीटी म्हणतात. शर्यतीची गाडी घड्याळाशी झुंजण्यासाठी असते आणि मोठी सलून मागे बसणाऱ्या साहेबांसाठी. जीटी मात्र दोन माणसांना त्यांच्या सामानासकट एका देशातून दुसऱ्या देशात, फारसे न थकवता, भरवेगाने न्यायला बनवलेली असते. बेंटलीच्या घराण्यात याची एक जुनी कथा सांगतात. मार्च 1930 मध्ये कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष वुल्फ बर्नाटो यांनी शंभर पौंडांची पैज लावली की फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून निघणाऱ्या प्रसिद्ध ब्लू ट्रेनला आपली स्पीड सिक्स मागे टाकेल. ते कान शहरातून निघाले, पाऊस आणि धुके कापत फ्रान्स ओलांडला, बोटीने इंग्लंडला उतरले आणि ब्लू ट्रेन कॅले बंदराला पोहोचायच्या चार मिनिटे आधी लंडनमधल्या आपल्या क्लबच्या दारात उभे राहिले. पैज जिंकली, पण सार्वजनिक रस्त्यावर शर्यत केल्याबद्दल फ्रेंचांनी ठोठावलेला दंड पैजेपेक्षा जास्त भरला. 1952 च्या आर-टाइप कॉन्टिनेंटलने हीच ओढ उतरत्या पाठीच्या देखण्या बॉडीत बसवली, आणि 2003 च्या गाडीच्या मागच्या चाकावरची फुगीर रेषा थेट तिच्याकडून आली आहे.

नवी गाडी नुसती दिसायला तिच्या वळणावर गेली नाही. 2007 मध्ये फिनलंडचे रॅली विजेते युहा कांकुनेन यांनी गोठलेल्या बाल्टिक समुद्रावर, बर्फावरून, कॉन्टिनेंटल जीटी ताशी 321 किलोमीटरने पळवून जागतिक विक्रम केला.

आता बॉनेट उघडून पाहू. आत दिसते ते डब्ल्यू-12 इंजिन. फोक्सवॅगनकडे एकमेकांना अगदी चिकटलेल्या सहा सिलिंडरचे, 15 अंशांच्या अरुंद कोनातले एक इंजिन होते. तसे दोन गट 72 अंशांच्या कोनात एका क्रँकशाफ्टवर आणले की बारा सिलिंडर अशा लांबीत मावतात की इंजिन पुढच्या धुऱ्याजवळ आखूड जागेत बसते आणि चारही चाकांच्या यंत्रणेला वाट मिळते. अभियांत्रिकी म्हणून हे काम दाद देण्याजोगे आहे. दुरुस्तीच्या बाजूने पाहिले तर तिथेच सगळी अडचण सुरू होते. इंजिन, दोन टर्बो, त्यांचे पाईप, कूलर आणि निकास अशा दाटीने बसवले आहेत की मेकॅनिकचा हात जाईल अशी फट उरत नाही.

त्यातून जो खर्च निघतो त्याचे नमुनेदार उदाहरण म्हणजे व्हॅक्यूमचे रबरी नळे. प्रत्येक नळा करंगळीपेक्षा बारीक, एकट्याची किंमत किरकोळ. वर्षानुवर्षे टर्बोच्या धगीत भाजून ते कडक होतात, चिरतात आणि हवा ओढू लागतात. मग डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो, गाडी मिसिंग मारते. हे नळे इंजिनच्या मागच्या बाजूला दडलेले असल्यामुळे नीट काम करायचे तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र खाली उतरवावे लागतात. कूलंटच्या काही पाईपांची गळती आणि टर्बोच्या तेलाच्या नळ्यांचेही तसेच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण या कामाला तंतोतंत लागू पडते, फक्त इथला मसाला हजारो पौंडांचा असतो. म्हणूनच जाणकार गॅरेज इंजिन एकदा उतरवले की सगळे नळे, सगळे पाईप, हाताला लागतील ती सगळी सील एकदमच बदलतात. विकणाऱ्याच्या फाइलमध्ये असे ठसठशीत एक बिल सापडले तर त्या गाडीला हजार-दोन हजार पौंड जास्त द्यायला हरकत नाही. हे काम न झालेली स्वस्त गाडी शेवटी महागच पडते.

वजन ही दुसरी गोष्ट. ही गाडी 2,385 किलोची आहे, म्हणजे दोन मारुती स्विफ्टपेक्षा जड. एवढे वस्तुमान तीनशेच्या वेगावरून थांबवायचे तर ब्रेकही तसेच लागणार. पुढच्या डिस्क 405 मिलिमीटर व्यासाच्या आहेत, लहान हॅचबॅकच्या 14 इंची रिमहूनही मोठ्या. त्या झिजल्या की बदलण्याचा खर्च ऐकून नवखा मालक हबकतो. टायर 19 किंवा 20 इंची, रुंद आणि लवकर झिजणारे. पुढच्या सस्पेन्शनचे आर्म आणि बुशही या वजनाखाली ढिले पडतात. पेट्रोलचा अधिकृत आकडा शहर आणि महामार्ग मिळून लिटरला सहा किलोमीटरच्या आसपासचा. टाकी 90 लिटरची, ती भरताना पंपावर बराच वेळ उभे राहावे लागते.

हवेचे सस्पेन्शन हा तर स्वतंत्र अध्याय. लोखंडी स्प्रिंगऐवजी रबरी हवेच्या पिशव्या गाडी तोलून धरतात. पिशवीला बारीक चीर पडली की गाडी रात्रभरात एका कोपऱ्यात बसते. मालकाने दुर्लक्ष केले तर गळती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सतत चालत राहतो आणि तोही जळतो. एक पिशवी वेळेवर बदलली असती तर दुसरा खर्च आलाच नसता.

पाण्याचा त्रास मात्र असा आहे की तो पाहिल्यावर हळहळ वाटते, कारण तो टाळणे अगदी सोपे आहे. पुढच्या काचेच्या बुडाशी पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी छिद्रे आहेत. झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीत पाने कुजून ती बुजतात, पाणी तुंबते आणि आत शिरते. पायाखालच्या गालिच्याखाली दारे, खिडक्या, दिवे सांभाळणारे कंट्रोल मॉड्यूल आहे. ते भिजले की गाडीला काहीही सुचते: खिडकी आपोआप उतरते, अलार्म मध्यरात्री वाजतो, बॅटरी सकाळी रिकामी. वर्षातून एकदा पाने उपसली असती तर यातले काही घडले नसते.

बॅटऱ्याही दोन आहेत, एक इंजिन सुरू करायला आणि दुसरी बाकी सगळ्यासाठी, दोन्ही डिकीत. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की त्या उतरतात आणि कमी व्होल्टेजवर इलेक्ट्रॉनिक्स भलतेसलते दोष दाखवू लागतात. या जातीच्या गाडीला सर्वात जास्त नुकसान वापराने नव्हे, उभे राहण्याने होते. फक्त रविवारी पुसून ठेवलेली, मीटरवर कमी आकडा असलेली गाडी पाहून हुरळून जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. वर्षाला पंधरा-वीस हजार किलोमीटर नियमित चाललेली आणि प्रत्येक सर्व्हिस झालेली गाडी तिच्यापेक्षा कितीतरी निरोगी असू शकते.

मग घेणाऱ्याने पाहावे काय? आधी कागद, मग गाडी. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी एमओटी ही सरकारमान्य तपासणी होते, आणि नंबर टाकला की कोणत्याही गाडीचा एमओटी इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. त्यात प्रत्येक वेळचे मीटरचे आकडे असतात, गाडी नापास का झाली ते असते आणि तपासनीसाने दिलेले इशारेही असतात. सलग तीन वर्षे 'पुढचे बुश झिजलेले' हाच इशारा असेल तर मालकाचा स्वभाव कळला. दोन तपासण्यांमध्ये मीटर जेमतेम काहीशे मैल सरकले असेल तर गाडी उभी होती हेही कळले. भारतात जुन्या गाडीचा असा सार्वजनिक इतिहास मिळत नाही, आणि तो मिळायला हवा.

दुसरा कागद विम्याचा. ऑक्टोबर 2017 पासून ब्रिटनमध्ये विमा कंपन्या निकालात काढलेल्या पण दुरुस्त होऊ शकणाऱ्या गाड्यांना एस आणि एन अशा श्रेणी देतात. एस म्हणजे सांगाड्याला इजा, एन म्हणजे सांगाडा शाबूत. या गाडीची बाजारभावाने किंमतच इतकी उतरली आहे की एक हेडलाइट, बंपर आणि बॉनेट गेले तरी दुरुस्तीचा खर्च किमतीच्या वर जातो आणि गाडी एन श्रेणीत पडते. त्यामुळे एन श्रेणी दिसली की पळून जायचे कारण नाही, पण दुरुस्ती कुणी केली त्याचे फोटो आणि बिले मागायलाच हवीत. जुने कर्ज फिटले आहे की नाही तेही तपासावे, कारण हप्ते थकले असतील तर कर्ज देणारी कंपनी नव्या मालकाच्या दारात येऊन उभी राहू शकते.

तिसरी गोष्ट तारीख, आणि ही अनेकांच्या लक्षात येत नाही. कॉन्टिनेंटलचे कार्बन उत्सर्जन किलोमीटरला 410 ग्रॅम आहे. 23 मार्च 2006 पासून नोंदलेल्या अशा गाडीला ब्रिटनमध्ये सर्वात वरच्या पट्टीचा रस्ता कर पडतो, वर्षाला 700 पौंडांहून अधिक. तीच गाडी त्या तारखेच्या आधी नोंदलेली असेल तर कर 400 पौंडांच्या घरात थांबतो. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन सारख्या गाड्यांच्या खर्चात दरवर्षी एवढे अंतर पडते.

गाडी बघायला जाताना ती थंड असावी असे आधीच सांगून ठेवावे आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहावा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर थंड इंजिनचा खडखडाट आणि पहिला धूर लपतो. चारही कोपरे समान उंचीवर आहेत का, गालिचा दाबल्यावर ओला लागतो का, सस्पेन्शनचे बटण दाबल्यावर गाडी उठते-बसते का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. टायर बोलके असतात. चारही एकाच नामांकित कंपनीचे असतील तर मालकाने हात आखडता घेतलेला नाही. चार कंपन्यांचे चार स्वस्त टायर असतील तर न दिसणाऱ्या भागांवरही तशीच काटकसर झाली असणार. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी दहा वर्षांचा टायर या वेगाला चालत नाही.

यानंतर खर्च करावा तो तज्ज्ञ तपासनीसावर. या गाड्या रोज हाताळणारे स्वतंत्र गॅरेजवाले ब्रिटनभर आहेत. ते गाडी लिफ्टवर घेतात, संगणकाने दोष वाचतात आणि लेखी अहवाल देतात. गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल त्यांना जरूर विचारावे. गाडीत झेडएफ कंपनीचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे. त्यातले तेल जन्मभर बदलायची गरज नाही असे अनेकांना सांगितले गेले, पण स्वतः झेडएफ 80,000 ते 1,20,000 किलोमीटरदरम्यान ते बदलण्याचा सल्ला देते.

हे दुखणे एकट्या बेंटलीचे नाही. 1996 च्या जग्वार एक्सके-8 मध्ये सिलिंडरचा निकासिल मुलामा गंधकयुक्त पेट्रोलने खाल्ला जाई आणि टायमिंग चेनचे प्लास्टिकचे टेन्शनर तुटत. 1989 च्या बीएमडब्ल्यू 850-आय मध्ये बारा सिलिंडरसाठी जवळजवळ सगळेच दोन-दोन: दोन संगणक, दोन थ्रॉटल. त्यामुळे एक बाजू रुसली की गाडी सहा सिलिंडरवर लंगडत घरी येते. 2004 च्या ॲस्टन मार्टिन डीबी-9 मध्ये नुसते स्पार्क प्लग बदलायचे तरी वरचा इनटेक मॅनिफोल्ड काढावा लागतो. पोर्श 928 च्या 32 व्हॉल्व्हच्या आवृत्त्यांत टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. गाडी कोणतीही असो, तिचे एक-दोन मोठे रोग सर्वांना माहीत असतात. त्यांवर उपचार झाला आहे की नाही एवढेच शोधायचे असते.

बेंटलीच्या मालकाच्या बाजूने एक मोठी गोष्ट मात्र आहे. फोक्सवॅगनच्या घरात जन्मल्यामुळे तिचे अनेक सुटे भाग फेटन आणि ऑडीशी सारखे आहेत. तोच सेन्सर बेंटलीच्या खोक्यात एका किमतीला आणि फोक्सवॅगनच्या खोक्यात बऱ्याच कमी किमतीला मिळतो. हुशार मालक भागावरचा मूळ नंबर वाचतात आणि तोच मागवतात. जी माणसे पाना हातात धरतात, ती बॅटऱ्या, पाण्याची छिद्रे, फिल्टर, ब्रेक पॅड घरीच सांभाळतात आणि इंजिन उतरवण्याचे काम तेवढे गॅरेजवर सोपवतात. त्यांच्या वह्यांत एक सुखद नोंदही असते. वीस हजारांवर आलेली चांगली गाडी पुढच्या तीन वर्षांत फारशी घसरत नाही. नव्या गाडीच्या मालकाचा पैसा घसाऱ्यात जातो, तर यांचा गॅरेजमध्ये जातो आणि त्याबदल्यात गाडी सुधारते.

लंडन किंवा स्लाउकडे नोकरीला असलेल्या मराठी इंजिनिअरच्या मनात इथे एक विचार डोकावू शकतो: एवढी स्वस्त आहे तर परतताना घरी आणावी का? सर्वसाधारण नियमानुसार भारतात आणायची वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे हवे आणि ती मुंबई बंदरातूनच उतरवावी लागते. म्हणजे 2005 ची बेंटली बोटीवर चढवण्यात अर्थ नाही. ज्यांना इथेच हवी त्यांनी भारतात पहिल्यापासून नोंदलेली शोधावी. तिची नवी असतानाची किंमत आयात करामुळे दुप्पट झालेली असल्याने रुपयांतली घसरण आणखी मोठी दिसते, पण गाड्या मोजक्या, जाणकार मेकॅनिक त्याहून मोजके आणि प्रत्येक भाग बाहेरून मागवायचा. पंधरा वर्षे झालेली गाडी महाराष्ट्रात चालवायची तर आरटीओत फिटनेस, नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर हेही आले. रस्ता मात्र आता आहे. जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून नागपूरहून निघालेली गाडी समृद्धी महामार्गाने 701 किलोमीटर सलग पळू शकते, ताशी 120 च्या मर्यादेत. त्या वेगाला डब्ल्यू-12 जेमतेम जागी असते. तापलेल्या काँक्रीटवर एवढे अंतर कापताना टायरचे वय आणि हवा तपासणे इंजिनपेक्षाही महत्त्वाचे.

डब्ल्यू-12 चे उत्पादन जुलै 2024 मध्ये थांबले, आणि जुन्या गाड्यांचे भाव पुढे कसे जातील यावर ब्रिटनमध्ये चर्चा आहे. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांनी हा नाद करू नये. चालवण्यासाठी घेणाऱ्यांना मात्र आता एक चांगला पर्याय आहे. 2012 मध्ये दुसऱ्या पिढीच्या कॉन्टिनेंटलला चार लिटरचा व्ही-8 मिळाला. 500 अश्वशक्तीचा, पुढे वजनाला हलका आणि कमी ताकद लागते तेव्हा आठातले चार सिलिंडर झोपवणारा. इंजिनभोवती हात घालायला जागाही जास्त. किंमत पहिल्या पिढीपेक्षा बरीच चढी आहे, पण पेट्रोल आणि गॅरेज मिळून तो फरक काही वर्षांत भरून निघतो. ज्याच्या घरापासून तासाभरावर डब्ल्यू-12 उतरवून परत बसवणारे भरवशाचे गॅरेज आहे आणि ज्याने गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी काढून ठेवली आहे, त्याने पहिल्या पिढीची 23 मार्च 2006 पूर्वीची, भरपूर चाललेली, जाड फाइल असलेली गाडी घ्यावी. बाकीच्यांनी थोडे थांबून, पैसे साठवून व्ही-8 घ्यावी.